लॅमिनेट फ्लोअरिंग स्वतः बसवलं, आणि काठ सांभाळले

नेदरलँड्समध्ये घर भाड्याने घेतलं की बऱ्याचदा ते अगदी उघडं मिळतं, म्हणजे फर्निचर नाही हे तर झालंच पण खाली जमीनसुद्धा नाही, नुसता सिमेंटचा कोबा. पुण्यात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण इथे हीच पद्धत आहे, भाडेकरूने आपली जमीन आणायची, बसवायची आणि घर सोडताना एकतर पुढच्या भाडेकरूला विकायची नाहीतर उचलून न्यायची. आम्हाला आइंडहोवनला फ्लॅट मिळाला तो असाच होता. माणूस लावून काम करून घ्यायचं तर मजुरीच सामानाएवढी होत होती, त्यामुळे ठरवलं की आपणच करायचं. मी, नवरा आणि नवऱ्याचा सांगलीचा मित्र, जो इथे बरीच वर्षं आहे आणि स्वतःच्या घराची जमीन त्यानेच केलेली आहे.

लॅमिनेट घ्यायचं म्हटलं की सगळे रंग विचारतात, भाव विचारतात, पण काठाबद्दल कुणी बोलत नाही. आणि वर्ष दोन वर्षांनी जमीन खराब दिसते ती काठामुळेच. मधला भाग तसाच्या तसा असतो, पण सांध्यावर टवके उडालेले, कुठे कड फुगून वर आलेली, कुठे फट पडून त्यात काळी घाण बसलेली. घर शोधताना अशा दोन-चार जमिनी बघितल्या होत्या त्यामुळे माझं ठरलं होतं, वेळ लागला तर लागू दे पण काठ जपायचे.

त्यासाठी आधी ही फळी आतून काय असते ते समजून घेतलं पाहिजे. वरून ओक लाकूड दिसतं तो छापलेला कागद असतो, त्याच्यावर मेलामाइनचा कडक पारदर्शक थर, आणि मधला सगळा भाग एचडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड. वरचा थर इतका कडक की किल्ली घासली तरी सहज ओरखडा जात नाही, पण कडक म्हणूनच कडेला ठिसूळ. आणि आतला एचडीएफ दाबला तर चेपतो, पाणी लागलं तर चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगतो आणि नंतर वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही. हे लॅमिनेट स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने १९७७ मध्ये काढलं, पुढे पर्गो नावाने ते विकलं जायला लागलं, पण तेव्हा फळ्या एकमेकींना गोंदाने चिकटवायला लागायच्या. १९९६-९७ च्या सुमाराला स्वीडनची वेलिंगे आणि बेल्जियमची युनिलिन यांनी बिनगोंदाची क्लिक पद्धत आणली आणि तेव्हापासून घरच्या घरी कुणालाही बसवता येऊ लागलं. पण त्याचा अर्थ असाही की आता सगळा भार फळीच्या कडेच्या जिभेवर, म्हणजे बाहेर आलेल्या पातळ पट्टीवर, आणि ती जिच्यात अडकते त्या शेजारच्या फळीच्या खाचेवर. आमची फळी ८ मिलिमीटर जाडीची, त्यातली जीभ म्हणजे जेमतेम २-३ मिलिमीटर. ती एकदा चेपली की सांधा कधीच नीट बसत नाही, कितीही ठोका.

नुकसान बसवताना होतं असं वाटतं पण ते दुकानापासूनच सुरू होतं. बॉक्स उभा ठेवला, लिफ्टमध्ये कोपऱ्यावर टेकवला, की आतल्या शेवटच्या फळीचा कोपरा गेलाच. आम्ही बॉक्स दोघांनी दोन टोकांना धरून आडवे आणले आणि खोलीच्या मधोमध, भिंतीपासून लांब, आडवेच रचून ठेवले, प्लॅस्टिक न फाडता. ४८ तास तसेच ठेवायचे असतात, ज्या खोलीत बसवायचं त्याच खोलीत, म्हणजे तिथल्या हवेला फळ्या सरावतात. हिवाळ्यात इथे घरात हवा एकदम कोरडी असते आणि उन्हाळ्यात दमट, त्यामुळे ही पायरी गाळायची नाही. नंतर बॉक्स उघडले की प्रत्येक फळी उजेडात तिरकी धरून चारी कडा बघायच्या. मी तर बोट फिरवून बघत होते, डोळ्याला न दिसणारा टवका बोटाला लागतो. कोपरा दुखावलेल्या फळ्या वेगळ्या काढल्या, त्या फेकायच्या नाहीत, भिंतीजवळ कापून लावायला त्याच कामी येतात. म्हणूनच क्षेत्रफळापेक्षा १० टक्के माल जास्त घेतलेला बरा. आणि एका वेळी तीन-चार बॉक्स उघडून फळ्या मिसळून लावायच्या, नाहीतर रंगातला फरक एका पट्ट्यात दिसतो.

आता कोबा. ही गोष्ट कंटाळवाणी आहे पण काठाचं आयुष्य इथे ठरतं. कोबा उंचसखल असेल तर फळीखाली पोकळी राहते, आपण चाललो की फळी खाली दबते, वर येते, आणि प्रत्येक पावलाला ती जीभ खाचेत हलते. सहा महिन्यांत कुरकुर, वर्षभरात जीभ मोडलेली. लांब ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन सगळीकडे फिरवायची, १ मीटरमध्ये २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. आमच्याकडे बाल्कनीच्या दाराजवळ खड्डा होता तिथे लेव्हलिंगचा माल ओतला, आणि जिथे सिमेंटचे थेंब वाळून टेंगळं झाली होती ती खरवडून काढली. नवीन कोबा असेल तर ओल मोजून घ्यावी लागते, सिमेंटच्या कोब्यात साधारण २ टक्क्यांच्या खाली, आणि खाली अंडरफ्लोअर हीटिंग, म्हणजे जमिनीखालून घर गरम करायची सोय असेल तर १.८. ओल वर आली की पहिल्यांदा कडाच फुगतात. त्यासाठी कोब्यावर प्लॅस्टिकचा कागद, पट्ट्या एकमेकींवर २० सेंटिमीटर चढवून वर टेप.

त्याच्यावर फोमचा थर, अंडरले. इथल्या बहुतेक इमारतींच्या सोसायटीचा नियम असतो की पायाचा आवाज खाली जाऊ नये म्हणून अंडरले आवाज १० डेसिबल तरी कमी करणारा हवा, आणि तो आकडा पॅकेटवर लिहिलेला असतो. मग लोकांना वाटतं जितका जाड आणि मऊ तितका चांगला, किंवा दोन थर घालू. तसं अजिबात करू नका. मऊ अंडरलेवर फळी गादीवर ठेवल्यासारखी दबते आणि सगळा ताण सांध्यावर. पॅकेटवर सीएस म्हणून एक आकडा असतो, दाब किती सहन करतो त्याचा, तो ६० किलोपास्कलच्या वर बघून घेतला. शिवाय खालून हीटिंग असल्यामुळे उष्णता अडवणाराही चालत नाही, अंडरले आणि लॅमिनेट मिळून उष्णतारोध ०.१५ च्या आत हवा. तिन्ही गोष्टी जमणारा अंडरले जरा महाग पडतो पण जमिनीच्या पैशात इथे काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात केली ती बाल्कनीच्या उजेडाकडे लांबी धरून, म्हणजे लांब सांध्यांची सावली पडत नाही. पहिली ओळ सरळ आली तर सगळं सरळ, भिंतीवर विश्वास ठेवायचा नाही, दोरी ताणून घ्यायची. भिंतीपासून सगळीकडे १० मिलिमीटर फट, त्यात प्लॅस्टिकच्या पाचरी. ही फट काठासाठीच असते. लॅमिनेट हवेप्रमाणे वाढतं आणि आकसतं, आणि त्याला सरकायला जागा नसेल तर दोन फळ्या सांध्यावर एकमेकींना ढकलून वर उचलल्या जातात. मग त्या उचललेल्या कडेवर चप्पल घासते, खुर्ची घासते आणि वरचा थर निघायला लागतो. लोक म्हणतात फळी खराब निघाली, खरं म्हणजे भिंतीजवळ फट नसते.

आता क्लिक. आमच्या फळीची पद्धत अशी की लांब बाजूची जीभ २०-३० अंशात तिरकी धरून आधीच्या ओळीच्या खाचेत घालायची, मग आडव्या टोकाला शेजारच्या फळीशी जुळवून खाली पाडायची. ऐकायला सोपं आहे. पण आडवं टोक ही सगळ्यात नाजूक जागा, सगळ्यात जास्त टवके तिथेच उडतात. लांब बाजू नीट बसायच्या आधी टोक खाली दाबलं तर एका फळीची कड दुसरीच्या कडेवर चढते आणि वरचा थर टचकन उडतो. मित्राने पहिल्यांदाच सांगितलं, "वहिनी, दमानं घ्या, आधी लांब बाजू बसली का बघा, मग टोकाला हात लावायचा." मी काय करायचे, फळी तिरकी घालून डावीकडून उजवीकडे तळहात फिरवत जायचे, कुठे केसभर फट दिसली तर परत उचलून परत घालायची. मग टोक जुळवून दोन्ही फळ्यांच्या वरच्या पातळीवरून अंगठा फिरवायचा, आणि मगच तळव्याने दाबायचं. बरोबर बसलं की टक् असा एकच सुका आवाज येतो. कर्र किंवा चर्र आलं तर थांबायचं, उचलायचं, बघायचं. दर वेळी कारण सापडतंच, बहुतेक वेळा खाचेत भुशाचा कण.

हा भुसा म्हणजे मोठा शत्रू आहे. कापताना उडालेला भुसा खाचेत जातो, दिसत नाही, आणि फळी एक मिलिमीटर वर राहते. मग माणूस हातोडी घेतो. त्यापेक्षा एक जुना टूथब्रश जवळ ठेवला होता, प्रत्येक फळीची खाच आणि जीभ एकदा झाडायची, आणि कापण्याचं काम बाल्कनीत, बसवायच्या खोलीत अजिबात नाही.

हातोडीबद्दल जरा सविस्तर सांगते. थेट फळीच्या कडेवर हातोडी कधीच मारायची नाही, रबराची असली तरी नाही. मध्ये ठोकळा हवा, आणि तो ठोकळाही जिभेवर टेकलेला चालत नाही, कारण मग जीभच चेपते. दुकानात प्लॅस्टिकचा ठोकळा मिळतो त्याला खालून खाच असते, म्हणजे तो फळीच्या भरीव भागाला टेकतो आणि जीभ मोकळी राहते. बरेच लोक लॅमिनेटचाच तुकडा खाचेत अडकवून त्यावर ठोकतात, तेही चालतं, पण तो तुकडा दोन-चार ठोक्यांत चेपतो, मग लगेच दुसरा घ्यावा लागतो. ठोके हळू आणि पुष्कळ, फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत, एकाच जागी जोरात नाही. आणि खरं सांगायचं तर नीट क्लिक झालेल्या फळीला हातोडी जवळजवळ लागतच नाही. जिथे जोर लावावासा वाटतो तिथे काहीतरी अडलेलं असतं.

कापायच्या बाबतीत एकच नियम लक्षात ठेवला की झालं, करवतीचे दात ज्या बाजूने बाहेर येतात त्या बाजूला टवके उडतात. साध्या जिगसॉचं, म्हणजे खाली-वर हलणाऱ्या विजेच्या करवतीचं, पातं वर येताना कापतं, म्हणून फळी उलटी, छापील बाजू खाली. हातकरवत खाली जाताना कापते तर छापील बाजू वर. जिगसॉला उलट्या दातांचं पातंही मिळतं, ते लावलं की सुलट्या फळीवर खूण करून सुलटंच कापता येतं, मला तेच सोपं गेलं कारण उलट्या फळीवर माप घेताना डावं-उजवं गोंधळतं. वर कागदी टेप चिकटवून त्यावर पेन्सिलीने रेघ, गुण्या लावून. फळी दोन्ही बाजूंनी टेकलेली हवी, आणि शेवटचे दोन बोटं राहिले की कापलेला तुकडा दुसऱ्याने हातात धरायचा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने तुटून पडतो आणि कोपऱ्याचा लचका घेऊन जातो. हे काम नवऱ्याकडे होतं, मी "धर, धर" म्हणायचे आणि तो धरायचा. आणि कितीही नीट कापलं तरी कापलेली बाजू नेहमी भिंतीकडे, स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली जाईल अशी. कारखान्यातून आलेली कड कारखान्याच्याच कडेला लागली पाहिजे. एका ओळीचा उरलेला तुकडा पुढच्या ओळीची सुरुवात म्हणून वापरला, मात्र शेजारच्या ओळींचे आडवे सांधे किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवायचे.

दाराच्या चौकटीपाशी जरा डोकं लढवावं लागलं. लाकडी चौकट असेल तर ती खालून फळीच्या जाडीएवढी कापतात आणि फळी तिच्याखाली सरकवतात, एकदम स्वच्छ दिसतं. पण इथल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये चौकट लोखंडी असते, ती कापता येत नाही. मग पुठ्ठ्याचा साचा करून चौकटीचा आकार उतरवला, फळी त्याप्रमाणे कापली, सगळीकडून ८-१० मिलिमीटर मोकळी ठेवली आणि ती फट लाकडी रंगाच्या लवचिक सीलंटने भरली. हीटिंगचे पाइप वर येतात तिथे पाइपच्या जाडीपेक्षा २० मिलिमीटर मोठं भोक. दोन खोल्यांच्या मध्ये दारात टी आकाराची पट्टी लावून जमीन तोडली, म्हणजे प्रत्येक खोली आपापली वाढायला मोकळी.

शेवटची ओळ भिंतीजवळ, तिथे हातोडी फिरायला जागा नाही. त्यासाठी लोखंडी ओढपट्टी मिळते, एक टोक फळीच्या भिंतीकडच्या कडेला अडकतं आणि दुसऱ्या टोकावर ठोकायचं. ही पट्टी लोखंडी असल्यामुळे फळीच्या वरच्या बाजूला ओरखडे पाडते, म्हणून तिच्याखाली फेल्टचा तुकडा चिकटवला. शेवटची ओळ ५ सेंटिमीटरपेक्षा बारीक येऊ द्यायची नाही, सुरुवातीलाच हिशोब करून पहिली ओळ थोडी कापून घ्यायची. मग पाचरी काढल्या, स्कर्टिंग लावलं, आणि स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, जमिनीला नाही, नाहीतर ठेवलेली फट फुकट.

काम केलं ते आठवड्याच्या दिवशी आणि शनिवारी, रविवारी मात्र ठोकाठोक नाही, इथे तसं सहसा कुणी करत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींना आधी चिठ्ठी टाकली होती.

बसवून झाल्यावर काठ जपायचे म्हणजे मुख्यतः पाणी. आपल्याकडे बादली घेऊन फरशी खळखळून धुवायची सवय, माझी आई आली तेव्हा तिने पहिल्याच सकाळी ओला पोछा काढला होता. तिला म्हटलं, "अगं आई, हे लाकूडच समज, फडकं घट्ट पिळून घे." तिला लगेच पटलं, कारण कोकणातल्या घरी माळ्याच्या फळ्या पावसात कशा फुगतात ते तिने बघितलेलं आहे. पाणी सांडलं तर लगेच टिपायचं, सांध्यावर उभं राहू द्यायचं नाही. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, चाकांच्या खुर्चीला मऊ चाकं. कुठे बारीक टवका उडालाच तर मेणाच्या कांड्यांचं किट मिळतं, दोन-तीन रंग वितळवून मिसळायचे, भरायचं आणि सपाट करायचं. गडद रंगाच्या जमिनीत हे जास्त लागतं, आतला एचडीएफ फिकट असतो आणि टवका लांबून दिसतो, म्हणून आम्ही मुद्दाम फिकट ओक घेतला होता.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली घर बदलताना. पुढच्या भाडेकरूला गालिचा हवा होता, म्हणजे आमची जमीन उचलायला लागणार. क्लिकची जमीन उचलतानाही काठ मोडतात कारण लोक एकेक फळी खेचतात. तसं नाही करायचं. स्कर्टिंग काढून शेवटच्या ओळीपासून सुरुवात, पूर्ण ओळ एकसंध तिरकी उचलून खाचेतून सोडवायची, ती जमिनीवर ठेवायची, आणि मग आडवे सांधे एकमेकांपासून बाजूला सरकवून सोडवायचे, वर उचलून नाही. त्यासाठी दोघं तरी लागतात, लांब ओळ असेल तर तिघं. प्रत्येक फळीच्या मागे ओळीचा आणि जागेचा नंबर पेन्सिलीने लिहिला, खाच झाडली, आणि फळ्या छापील बाजू छापील बाजूला लावून मध्ये पातळ फोम घालून आडव्या रचल्या. नव्या घरी दोन्ही बेडरूममध्ये तीच जमीन बसली, कापाकापी करून हॉलला थोडी कमी पडली तिथे वेगळी घेतली. भिंतीकडच्या कापलेल्या फळ्या सोडल्या तर जिभा सगळ्या शाबूत होत्या, आणि मित्र एकेक फळी उजेडात धरून बघत म्हणाला, "वहिनी, ही अजून एक घर काढंल."